जावयाच्या पसंतीचे बोल्ट

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. नुसती मान हलवू नका, तोंडानं म्हणा! मागच्या वेळी असंच "नाही हसत" म्हणालात आणि चहा नाकातून आला तुमचा. ठेवा तो कप खाली. हं, आता ऐका.

फजिती व्हायला माणसाला काय काय लागतं? कोणाची निवडणुकीत होते, कोणाची लग्नाच्या पंगतीत होते. माझी चार बोल्टांनी केली. साधे, लोखंडाचे, बोटाएवढे जाड बोल्ट! अजून हार्डवेअरच्या दुकानावरून जाताना मी रस्ता बदलतो.

मी बुलढाण्यात एका शाळेत चित्रकला शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध टोकयंत्रापुरता. स्कूटर बंद पडली की मी तिला एक लाथ मारतो, मग आणखी एक मारतो, आणि मग घाम पुसत गॅरेजपर्यंत ढकलत नेतो. एवढंच माझं यंत्रांचं ज्ञान. आणि ही माझी मिशी पाहिलीत ना? ही काहीच नाही, आता कुठे पुन्हा वाढतेय. तेव्हा होती ती खरी मिशी! मध्ये भरघोस, दोन्ही टोकांना पीळ. विचार करायचा झाला की हात आपोआप मिशीवर जायचा. ही मिशी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सासुरवाडी साखरखेर्ड्याजवळच्या एका लहानशा गावात. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना आला, तोही ऐन उन्हाळ्यात. आता धोंड्यात जावई म्हणजे कोण? साक्षात नारायण! पाय धुणार, ओवाळणार, नवे कपडे देणार, तुपात बुडवलेले पुरणाचे धोंडे पानात वाढणार, वर तेहतीस अनारसे बांधून देणार. देवाला आपण कधी म्हणतो का, की देवा, तुझं जरा चुकतंय? नाही ना? मग जावयालाही म्हणायचं नाही. संपला विषय.

पण माझी अडचण वेगळीच होती. दिवाळीला गेलो होतो तेव्हा प्रत्येक गोष्टीत मला विचारत होते. चहा घेता का दूध? मी म्हणायचो, तुम्ही म्हणाल तसं. खाटेवर बसता का सतरंजीवर? तुम्ही म्हणाल तसं. सभ्य माणूस दुसरं काय म्हणणार हो? तर शेजारच्या गोदाकाकूंनी भर अंगणात, माझ्यादेखत, सासूबाईंना विचारलं, "काऊन वं, जवाई मुका हाये का?"

मुका! लागलं हो मनाला. जो माणूस दिवसभर चाळीस पोरांवर ओरडतो, तो मुका?

म्हणून यंदा चिखलीला गाडी बदलताना बायकोनं, म्हणजे अर्चनानं, मला बजावलं, "यंदा जरा बोलजा बरं. कोनी इचारलं तं आपलं मत सांगजा. मानसावानी."

मी मिशीला पीळ दिला. "तू बघच आता," म्हणालो.

इथंच सगळं बिघडलं. कारण आमच्याकडे जावयाला विचारायची रीत आहे. जावयानं उत्तर द्यायची रीत नाही! विचारणं हा मान असतो. त्यावर जावयानं "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचं आणि मग घरच्यांनी त्यांना करायचं तेच करायचं. दिवाळीला मी जे करत होतो ते शंभर टक्के बरोबर होतं! पण हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. एवढं साधं जावयाला कळत असेलच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं.

गावात पोचलो तर माझ्या स्वागताला अंगणाचं लोखंडी फाटक चंदेरी रंगवलेलं. काय झगझगत होतं! रंगाचा डबा आणि ब्रश अजून भिंतीशीच ठेवलेला.

"हात नका लावू," अर्चना म्हणाली, "रंग ओला दिसते."

झालं, माझ्या विषयावर आली ना ती! मी तिथंच थांबलो. "अगं, वाळलाय तो. ओला रंग मला दहा हातांवरून ओळखू येतो. ओल्या रंगाची चकाकी वेगळी, वाळलेल्याची वेगळी. माझी रोजीरोटीच आहे ती!" आणि सगळ्यांसमोर फाटकावर हात थोपटला. खरंच वाळलेला होता.

सासरे समोर उभे होते. मी त्यांना मामाजी म्हणतो. कौतुकानं मान डोलावत म्हणाले, "मास्तर मानूस हाये. रंगातलं त्याईले नाई कळन तं कोनाले कळन?"

सुरुवात झकास झाली होती, तुम्हीच सांगा. गोदाकाकूही कुंपणावरून बघत होत्या.

आत अंगणात मात्र वेगळंच दृश्य. मामाजींचा ट्रॅक्टर मधोमध उघडून ठेवलेला. पुढचा भाग एकीकडे, मागचा एकीकडे, आणि इंजिन लिंबाच्या जाड फांदीला चेनपुलीनं लटकवलेलं. बाजूला माझा साळा गजू काळ्या हातांनी घाम पुसत उभा.

भानगड अशी होती. ट्रॅक्टर धूर ओकत होता आणि ऑइल पीत होता. पेरणीच्या आत इंजिन खोलून नीट करणं भाग होतं. सगळ्या पट्ट्यात मिस्त्री एकच, आणि पेरणीच्या तोंडावर सगळ्यांचेच ट्रॅक्टर आजारी. त्यानं मामाजींना आपला लोखंडी स्टँड आणून दिला होता. चाकांचा, वर चार हात असलेला. इंजिनची मागची बाजू त्या चार हातांना बोल्टांनी आवळायची, मग मिस्त्री इंजिन हवं तसं उलटंसुलटं फिरवून काम करतो. पण प्रत्येक इंजिनचं माप निराळं, म्हणून बोल्ट ज्याचे त्यानं आणायचे. आणि मिस्त्रीनं बजावलं होतं, उद्या सकाळी इंजिन स्टँडवर चढलेलं दिसलं तर हात लावीन, नाही तर पुढच्या गावाला जाईन. मग पेरणी होऊन जाईपर्यंत माझं नाव काढू नका.

म्हणजे प्रश्न साधा नव्हता. बोल्ट बसले तर पेरणी वेळेवर, नाही तर मामाजींनी पाऊस पडल्यावर लोकांच्या दारात ट्रॅक्टर मागत फिरायचं. आणि मामाजी म्हणजे असा माणूस, की शेजाऱ्याकडे विळासुद्धा मागणार नाही.

मामाजींनी इंजिनचा एक मूळचा बोल्ट नमुना म्हणून खिशात टाकला, मोटारसायकलला किक मारली आणि जाता जाता रीतीप्रमाणे मला विचारलं, "जरा साखरखेर्ड्याले जाऊन येतो बोल्टाले. येता का, जवाईबापू?"

"येतो की!" मी म्हणालो.

गजू आधीच मागं बसलेला, तो मुकाट्यानं उतरला. मामाजींनी गाडी बंद केली. आत जाऊन धुतलेला टॉवेल आणला, सीटवर अंथरला. जावई बसणार! सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, दारातूनच विचारलं, "अवो, उन्हात जवायाले कुठं घेऊन चालले?"

"त्याईले संग याचं हाये," मामाजी म्हणाले.

मला वाटलं, किती आनंद झालाय यांना!

दुकान म्हणजे जमिनीपासून आढ्यापर्यंत नट, बोल्ट, साखळ्या, दोर, पाइप. दुकानदारानं नमुन्याचा बोल्ट हातात घेतला, आटे बघितले, आत गेला आणि दोन खोकी घेऊन आला. एका खोक्यात काळपट, तेलकट, राठ दिसणारे बोल्ट. दुसऱ्यात पांढरेशुभ्र, चकचकीत, आरशासारखे. आटे तेच, जाडी तीच.

मामाजींचा हात काळ्या खोक्याकडे निघालाच होता. पण मध्येच थांबून माझ्याकडे वळले. रीत ती रीत! "काय म्हंता, जवाईबापू? कोन्ते घ्याचे?"

मी मिशीला पीळ दिला. माझ्यातला चित्रकार जागा झाला. एकीकडे मळकट काळा ढीग, दुसरीकडे चांदीसारखा माल. ह्यात विचार करण्यासारखं काय होतं? "हे घ्या," मी चकचकीत खोक्यावर बोट ठेवलं, "कसे उठून दिसतील!"

मामाजींचा हात हवेतच राहिला. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मामाजींकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"पन भाऊ, हे तं इंजिनले..."

मामाजींनी त्याचा हात दाबला. "जवाई हायेत माहे."

"धोंडा हाये का?" दुकानदारानं विचारलं.

"हाव."

"बरं बरं. मंग काही म्हननं नाई."

आता मला सांगा, बोल्टांचा आणि धोंड्याच्या महिन्याचा काय संबंध? मी पार गोंधळलो. पंचांगात बोल्टांचा पण मुहूर्त असतो की काय? विचारावं म्हटलं, पण आता मुका नाही म्हटल्यावर अडाणीही दिसायचं नव्हतं. मी फक्त जाणकारासारखं "हं" केलं.

दुकानदारानं चकचकीत बोल्टांतून दोन लांब्या काढल्या. एक नमुन्यापेक्षा जरा मोठी, दुसरी चांगली वीतभर. मामाजींनी ह्या वेळी माझ्याकडे बघायचं टाळलं, हे मला आता आठवतंय. पण मीच पुढं झालो. "लांबच घ्या, मामाजी. जितका लांब तितका घट्ट!"

दुकानदाराच्या घशातून कसला तरी आवाज आला. मामाजी शांतपणे म्हणाले, "जवाई म्हंतेत तसे चार दे."

बाहेर मोटारसायकलजवळ आल्यावर मामाजींना एकदम आठवलं की तंबाखूची पुडी दुकानातच राहिली. आत गेले आणि बऱ्याच वेळानं आले. येताना शर्टाचा खिसा असा खाली लोंबत होता, की मला वाटलं, तंबाखू एवढी जड कधीपासून झाली? आणि चालताना वाजत पण होती!

घरी आल्यावर बोल्ट लावायला घेतले. गजूनं ते हातात घेतले आणि त्याचा चेहरा उतरला. "बाबा, हे कोनं..."

"जवाईबापूनं पसंत केले," मामाजी घाईनं म्हणाले.

"लय भारी!" गजू म्हणाला. पण पाना शोधायला वाकला तो कितीतरी वेळ वरच येईना.

चेनपुलीनं इंजिन स्टँडजवळ आणलं. बोल्ट स्टँडच्या हातांतून इंजिनच्या भोकांत घातले, पिळायला लागले. बोल्ट गेले, गेले, आणि थांबले. भोकाच्या तळाला टेकले, पण डोकं अजून बाहेरच! स्टँडचा हात आणि बोल्टाचं डोकं ह्यांच्यात दोन बोटं फट. पुढं सरकेनात आणि घट्टही होईनात.

सगळे थांबले. मामाजींनी घाम पुसला आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, त्यांच्या तोंडून निघालं, "आता काय करावं, जवाईबापू?"

"वायसर घाला!" मी म्हणालो.

बोलून गेलो आणि मग काय! गजू वायसर, म्हणजे त्या भोकाच्या लोखंडी चकत्या, गोळा करायला पळाला. घरातले संपले, तर शेजारचे आणले. कोणाच्या सायकलचे, कोणाच्या कूलरचे, एक तर मला वाटतं हातपंपाचा. वायसरांबरोबर त्यांचे मालकही आले बघायला. एकेका बोल्टावर इतके वायसर चढले की नवरीच्या हातातला चुडाच जणू. गोदाकाकू पुढं येऊन बघत होत्या. मी हातवारे करून सांगत होतो, "आणखी एक घाला. हं, तिकडचा काढा. तो मोठा घाला."

"बाप्पा!" गोदाकाकू म्हणाल्या. "जवाई तं लय बोलतेत!"

काय सांगू, छाती फुगली माझी!

मग मामाजींनी चेन अगदी बोटभर सैल सोडली. आणि इंजिननं हळूच मान टाकली. कर्रर्र असा आवाज आला आणि माझे चार चकचकीत बोल्ट माझ्या डोळ्यांदेखत असे वाकले, जशी उन्हात ठेवलेली मेणबत्ती. गजूनं झटकन चेन ओढून इंजिन पुन्हा अधांतरी केलं, म्हणून वाचलं. नाही तर इंजिन फरशीवर आणि पेरणी पाण्यात.

आता हे मला नंतर कळलं, की इंजिनाला लागतो तो काळा, कडक बोल्ट. पांढरा चकचकीत तो मऊ, फाटकाबिटकाला, पत्र्याला. आणि लांबी घ्यायची ती स्टँडच्या हाताच्या जाडीएवढीच जास्त. पण तेव्हा मला एकच कळत नव्हतं, की हे झालं तरी कोणी काही बोलत का नाही? बोल्ट वाकलेले सगळ्यांना दिसत होते! मी म्हणालो, "मामाजी, हे वाकले वाटतं."

"वाकले नाईत," मामाजी म्हणाले. "बसून राह्यले. नवे हायेत ना, बसाले टाइम लागते."

"हाव," गजू म्हणाला, "जेवून येईपर्यंत बसतेत."

मी लोकांकडे पाहिलं. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मला वाटलं, असेल बुवा. नवी चप्पल नाही का पायात बसायला वेळ घेते? लोखंडाचंही तसंच असेल.

मग पाय धुणं झालं, ओवाळणं झालं. नवा पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा अंगात आला. पानात धोंडे आले आणि त्यांच्यावर तूप आलं, ते थांबेचना. "मामी, बस," म्हटलं की आणखी एक वाटी! आज कळतंय, ते तूप नव्हतं हो, भूल होती. जेवून मी जो आडवा झालो तो झालोच.

झोपेत मधूनच ठण् ठण् आवाज येत होते. एकदा डोळे किलकिले करून विचारलं, "काय गं वाजतंय?"

अर्चना पंखा सुरू करत म्हणाली, "काई नाई. आई वेलची कुटून राह्यली. झोपा तुमी."

वेलची? मला वाटलं, केवढी ही वेलची!

उन्हं कलल्यावर उठून अंगणात आलो आणि बघतच राहिलो. इंजिन स्टँडवर! ताठ! चेन सोडवून फांदीवर टांगलेली आणि इंजिन आपल्या पायांवर उभं. आणि चारही बोल्ट, माझेच बोल्ट, संध्याकाळच्या उन्हात चांदीसारखे चमकत होते. वायसर नाहीत, फट नाही, काही नाही.

"पाह्यलं?" मामाजी म्हणाले. "बसले."

मला काही कळेना. लांबी कमी कशी झाली? वाकलेले सरळ कसे झाले? पण देव पावल्यावर कोणी विचारतं का, कसा पावला म्हणून? मी पुढं झालो. "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणत एकेका बोल्टावर थाप मारली. मग मिशीला पीळ दिला. मग कमरेवर हात ठेवून गजूला समजावलं, की माल बघताना नजर पाहिजे, नजर. घाम आला, तो कपाळावरून पुसला. पुन्हा मिशीला पीळ दिला, दोन्ही बाजूंनी.

गजू एकदम मागं वळला आणि खोकत सुटला. मामाजी आभाळाकडे बघायला लागले. मामी चहा घेऊन येत होत्या, त्या दारातूनच चहासकट परत फिरल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई, काई नाई," मामाजी म्हणाले. "गजू, जवायाले मारोतीच्या पारावर घेऊन जाय. दर्शन होईन."

आणि मी गेलो. भर गावातून! पारावरची माणसं मला बघताच उठून उभी राहिली आणि सगळ्यांनी नजरा खाली घातल्या. एका म्हाताऱ्या बाबांनी उपरण्याचा बोळा तोंडात घातला. गोदाकाकू दारात पदर दातांत धरून थरथरत होत्या. मला वाटलं, बोल्टांची बातमी पोचली वाटतं! किती मान देतात माणसं! मी सगळ्यांना चंदेरी हातांनी नमस्कार करत होतो, हे मला कुठं माहीत?

आणि सांगणार कोण? जावयाला, धोंड्यात, "तुमच्या तोंडाला काहीतरी लागलंय" असं म्हणायची छाती अख्ख्या गावात कोणाची होती?

परत आलो तर मिस्त्री आलेला. यायचं होतं उद्या, पण त्याच वाटेनं चालला होता म्हणून इंजिन चढलं का ते बघायला थांबला. स्टँडला गदागदा हलवून तो खूश झाला. मग माझ्याकडे वळला. तो बिचारा परगावचा. मी जावई आहे हे त्याला काय ठाऊक?

"काय पेंटरभाऊ," तो म्हणाला, "फाटकापेक्षा तुमालेच जास्त रंग लागला की!"

मी हात बघितले. दोन्ही तळवे चंदेरी! कुर्ता बघितला, कमरेवर दोन्ही बाजूंना पाच-पाच बोटं छापलेली. मोटारसायकलच्या आरशात पाहिलं. कपाळावर चंदेरी पट्टा आणि खाली माझी मिशी, टोकापासून टोकापर्यंत, लग्नातल्या बँडवाल्याच्या टोपीसारखी झळकत होती.

मग मी बोल्टांकडे पाहिलं. मी जिथं जिथं थाप मारली होती, तिथं तिथं रंग निघून खालून काळं लोखंड दिसत होतं. काळं, राठ, कडक. आणि भिंतीशी ठेवलेला तो रंगाचा डबा उघडा होता. एकदम डोक्यात उजेड पडला. तंबाखूची जड पुडी, वेलचीचे ठण् ठण्, सगळं!

"मामाजी," मी म्हणालो, "हे बोल्ट..."

मामाजींनी मान खाली घातली. चूक माझी आणि लाज त्यांना! हळूच म्हणाले, "पेरनी जवळ आली हो, जवाईबापू, म्हनून कराव लागलं. पन तुमचा शब्द खाली पडू देल्ला नाई. बोल्ट इंजिनच्या मापाचे हायेत, रंग तुमच्या पसंतीचा हाये."

खरं सांगतो, मला रडू येत होतं की हसू, हेच कळेना. एवढी घाई, एवढी काळजी, आणि ह्या माणसानं काम आटोपल्यावर माझ्या मानासाठी ब्रश हातात घेऊन एकेक बोल्ट रंगवला होता! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण धोंड्यात तेही चालत नाही.

तेवढ्यात अर्चना बाहेर आली. तिनं मला पाहिलं आणि मटकन ओट्यावरच बसली. हसू थोडं आवरल्यावर म्हणाली, "ओला रंग तुमाले दहा हातावरून वयखू येते ना?"

मी दोन्ही हात पाठीमागं लपवले.

मामाजींनी विषय सांभाळून घ्यायचा म्हणून विचारलं, "मिस्त्रीजवळ डिझल हाये, घरात तूप हाये. काय लावाव याले, जवाईबापू? तुमी सांगा."

आता बघा दैव! दिवसभरात मला विचारलेला हा एकच प्रश्न असा होता, ज्याचं उत्तर मला खरोखर येत होतं. असला रंग डिझेलनं निघतो. तुपानं जन्मात निघत नाही. पोरांच्या कपड्यांवरचे रंग काढण्यात माझी हयात गेली! पण मी बोलू? पुन्हा? चंदेरी कान पकडले होते मी!

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणालो.

"जवायाच्या तोंडाले डिझल? नाई वं माय!" म्हणत मामींनी तुपाची बरणी आणली. तुपानं रंग निघेना, म्हणून वर बेसन चोळलं. रंग, तूप आणि बेसन मिळून मिशीचा असा गिलावा झाला की पाणी मारूनही हलेना. शेवटी सकाळी गावातल्या सलूनवाल्याला घरी बोलवावं लागलं. त्यानं दोनदा कात्री लावून बघितली आणि विचारलं, "जवाईबापू, ठेवू का काढू?"

"तुम्ही म्हणाल तसं."

काढली त्यानं.

मामाजींचा ट्रॅक्टर पेरणीच्या आधी फटफटत उभा राहिला, ती एक गोष्ट चांगली झाली. आम्ही दोघं तेहतीस अनारसे घेऊन बुलढाण्याला निघालो. आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे एवढी मोठी मिशी माणूस कधी उतरवतो? आई किंवा बाप गेल्यावर! पण माझ्या डोक्यात हे आलंच नाही. एसटी स्टँडवर उतरलो, तर ओळखीचा एक जण मला बघून थबकला, हात जोडले आणि मान खाली घालून निघून गेला. मला वाटलं, बोल्टांची बातमी इथंही पोचली!

घरी बाबांनी दार उघडलं. माझा सपाट ओठ बघितला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. भिंतीचा आधार घेत आत ओरडले, "अगं, आहेस ना तू?"

"आहे की! पोळ्या लाटतेय!" स्वयंपाकघरातून आई ओरडली.

बाबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितला. स्वतःला चिमटा काढला. मग माझा दंड धरून विचारलं, "आम्ही दोघंही आहोत रे. मग गेलं कोण?"

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "तुम्ही म्हणाल तसं!"